सोळावी प्रत

१

छापचित्रं काढणाऱ्यांच्यात एक रीत आहे, आणि ती जरा निर्दयच म्हणायला हवी. ठरलेल्या प्रती छापून झाल्या, की ज्या तांब्याच्या पत्र्यावरून त्या छापल्या त्याच्यावर सुईने फुली मारायची. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, चांगली खोल. मग त्या फुलीसकट एक शेवटची प्रत काढायची, पुरावा म्हणून. म्हणजे चित्र घेणाऱ्याची खात्री पटते, की पंधरा म्हणजे पंधराच; सोळावी आता कुणाच्या बापाला काढता येणार नाही.

धाकटीने अशा फुल्या आजवर बिनदिक्कत मारल्या होत्या. जिने, खिडक्या, अंगणात विसरलेली एक खुर्ची, दाराबाहेर काढलेले बूट. महिनोन्‌महिने डोळे फोडून केलेलं काम ती एका हाताने खलास करायची आणि दुसऱ्या हाताने चहाचा कप उचलायची. या वेळी मात्र पत्रा समोर होता, सुई हातात होती, आणि हात काही खाली येईना. कारण पत्र्यावर ताई होती.

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. आई गेली तेव्हा धाकटी फ्रॉकात होती. ताईने इस्त्रीचं दुकान चालवून तिला वाढवलं, शिकवलं, वर हे छापायचं अवजड प्रेसही घेऊन दिलं. "मीही प्रेसवाली, तूही प्रेसवाली," असं ती भेटेल त्याला ऐकवायची. आता दुकान बंद होतं, आणि ताई दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांवर शेरे मारायची. हनुवटीला हात लावून बसलेली ती ताई धाकटीने जशीच्या तशी उतरवली होती. डोळ्यांच्या कडांच्या सुरकुत्या, ओठांवरच्या उभ्या रेघा, अंगठ्याचं दुभंगलेलं नख, आणि डाव्या जबड्यावरचा इस्त्रीचा डाग. शाळेतून पळत आलेल्या धाकटीने मागून मिठी मारली होती ना, तेव्हाचा तो. "तुझी सही आहे ही," ताई म्हणायची. "कागदावर कधी करायला लागलीस देव जाणे, पण पहिली माझ्यावर केलीस."

"झालं का गं माझं थोबाड छापून?" ताईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"झालं. पंधरा ताया तयार."

"अगं बाई! एकीलाच सांभाळताना तुझ्या नाकी नऊ येतात." मग म्हणाली, "काय गंमत आहे बघ. जन्मभर मी लोकांच्या सुरकुत्या काढल्या, आणि तू माझ्या सुरकुत्या विकतेस."

धाकटी हसली आणि पत्र्याकडे बघत राहिली. या चित्राला तिने आम्ल वापरलं नव्हतं, नुसती पोलादी सुई तांब्यावर ओढली होती. सुई जाते तिथे चर पडतो आणि चराच्या काठाला धातूची केसाएवढी धार उभी राहते. पत्र्याला शाई लावून आधी फडक्याने पुसायचं, मग उघड्या तळहाताने, हलके गोल गोल. शाई फक्त रेघांत राहते आणि त्या धारेमुळे मखमलीसारखी उमटते. पण प्रेसखालून गेली की ती धार दबते. दर वेळी थोडी थोडी. आधी बारीक रेघा मरतात, मग मधल्या, शेवटी जाड. म्हणून तर पंधराच्या पुढे जायचं नाही.

तिने सुई खाली ठेवली. पत्रा जुन्या फडक्यात गुंडाळला आणि खालच्या खणात सारला. पंधरा प्रती विक्रीला गॅलरीत पोचल्या, आणि गॅलरीवाल्याचा फोन आला तेव्हा ती सरळ खोटं बोलली.

"मारली ना फुली, मॅडम?"

"मारली."

"मग त्याची प्रत पाठवा तेवढी."

"पाठवते सवडीने."

एवढंच. कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं तिने. बहिणीच्या तोंडावर ओरखडा काढवेना, इतकीच गोष्ट होती.

२

शेजारीण छत्री परत करायला आली आणि दारातच थबकली.

"अहो ताई, तोंडाला लावता काय तुम्ही? आम्हालाही सांगा की!"

"काय लावणार? हात लावते," ताई म्हणाली.

"चेष्टा नका करू. डोळ्यांजवळच्या सुरकुत्या कुठे गेल्या? दहा वर्षांनी लहान दिसताय."

ताईने चमचा उचलून त्यात तोंड पाहिलं आणि मग दिवसभर तिचे पाय काही जमिनीला लागले नाहीत. "बघ गं, स्थळं यायला लागतील आता," असं तिने धाकटीला कितीदा तरी ऐकवलं. धाकटीही हसत होती. पण ताईला औषधाची गोळी देताना तिने जवळून पाहिलं आणि हसणं ओठांतच राहिलं. कातडी सुजलेली नव्हती, ताणलेली नव्हती. डोळ्यांच्या कडांना रेघा नव्हत्याच, जणू कधी पडल्याच नव्हत्या.

वजन वाढलं असेल. नवीन गोळ्यांचा गुण असेल. खिडकीतला उजेड समोरून येतोय. धाकटीने स्वतःला अशी दहा कारणं दिली आणि अकरावं शोधायला ती ताईला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासलं, रक्तदाब पाहिला आणि म्हणाले, "तुमच्या ताईंचं वय उलटं चाललंय. असंच चालू द्या."

परत येते तोच गॅलरीवाल्याचा फोन.

"मॅडम, गणित कच्चं आहे का हो तुमचं?"

"का?"

"पंधरा ठरल्या होत्या ना? सोळा आल्यात. आणि शेवटच्या प्रतीवर तुमच्याच अक्षरात लिहिलंय, सोळा बाय पंधरा, म्हणजे पंधरातली सोळावी. मला वाटलं काही कलात्मक भानगड असेल."

"मी सोळावी काढलीच नाही."

"मग काय ती आपली आपण चालत आली?" गॅलरीवाला खळखळून हसला. "घेऊन येतो. तुमची तुम्हाला लखलाभ."

त्याने खरंच आणून दिली, आणि ताडून पाहायला पंधरावीही. तो गेल्यावर धाकटीने पंधरावी आणि सोळावी शेजारी शेजारी ठेवली. पेन्सिलीतला आकडा तिचाच होता. पाचाचं शेपूट ती जरा लांब ओढते, तसंच ओढलेलं. छपाई स्वच्छ होती, तक्रारीला जागा नव्हती. फक्त डोळ्यांच्या कडांना कागद कोरा होता. सगळ्यात बारीक रेघा गेल्या होत्या.

३

माणूस स्वतःची समजूत कशीही घालतो. थकव्याच्या भरात एक प्रत जास्त निघाली असेल, आकडा टाकताना तंद्री लागली असेल, आणि ताईच्या तोंडाचं म्हणाल तर योगायोग. धाकटीने हे सगळं स्वतःला पटवलं आणि दुपारी ताईची नखं कापायला बसली.

कामाच्या खोलीतून आवाज आला. प्रेसचा आवाज ती झोपेतही ओळखेल. चाक फिरायला लागलं की आधी एक लांबलचक कण्हणं, मग लोखंडी फळी सरकतानाची करकर, आणि फळी टोकाला लागली की धप्प.

"तुझं मशीन चाललंय गं," ताई म्हणाली.

"मी इथे आहे, ताई."

"मग?" ताईने विचारलं, आणि दुसरा हात नखं कापायला पुढे केला.

धाकटीने नेलकटर टाकलं. ती धावली. खोलीत कुणी नव्हतं. खिडकीला आतून कडी. चाकाचे आरे मात्र अजून जरा जरा डुलत होते, आणि वाळवायच्या फळीवर ओला कागद पसरलेला होता. सतरा बाय पंधरा. ओठांवरच्या उभ्या रेघा गेलेल्या, जबड्यावरचा डाग अस्पष्ट झालेला, हनुवटीला लावलेला हात नुसता गोरा आणि गुळगुळीत.

ती परत आली आणि तिने ताईचा तळहात उघडून पाहिला. एकही रेघ नव्हती. आयुष्यरेषा नाही, कसलीच नाही. बोटांच्या टोकांवरच्या वळ्या नाहीत. ताईने फोनवर अंगठा टेकवला, पुन्हा टेकवला. "मेला फोनसुद्धा ओळख देईना," ती म्हणाली. त्यावर तिने काहीतरी चावट शेरा मारायला हवा होता. मारला नाही.

धाकटीने मग हाती येईल ते केलं. पत्रा उचलून स्वयंपाकघरात पावाच्या डब्यात ठेवला. प्रेसवरची दोन्ही जाड लोकरी ब्लँकेटं काढली, कारण ती कागदावर पसरल्याशिवाय कुठलंही प्रेस छापत नाही, आणि ताईच्या गादीखाली घातली. ताईला त्या गादीवर झोपवलं, आणि स्वतः पलंगाच्या काठावर डोळ्यांत तेल घालून बसली. भर दुपार होती. रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. ताईचा श्वास मंद चालला होता.

कण्हणं. करकर. धप्प.

ती उठली नाही. बऱ्याच वेळाने तिने गादीखाली हात घातला. ब्लँकेटं ओली होती, आणि त्यांच्यावर पत्र्याच्या चारी कडांचा चौकोन खोल उमटला होता. वर ताई गाढ झोपली होती.

४

आता फुली मारायचीच, असं तिने ठरवलं. ही रीत कुणीतरी उगाच पाडलेली नाही. प्रतींची आवृत्ती उघडी राहिली म्हणून हे चाललंय. कशाने, कुणामुळे, ते कळून करायचंय काय? बंद करायची. सकाळीच तिने पत्रा डब्यातून काढला, पावाचे कण झटकले आणि सुई उचलली.

आणि बघा माणसाचं मन. फुली मारण्याआधी तिला वाटलं, एकदा, शेवटचं, ताईच्या डोळ्याजवळची एक रेघ परत काढावी. निरोप म्हणून. जिथे धार दबून सपाट झाली होती तिथे तिने सुई हलकेच ओढली. बोटभरसुद्धा नाही, नखाएवढी. मग दारावरची बेल वाजली आणि काम तसंच राहिलं.

चहाच्या वेळी ताईने कप तोंडाला लावला. तिच्या डाव्या डोळ्याजवळ एक सुरकुती होती. एकच. नखाएवढी.

फुली पत्र्यावर मारायची म्हणजे कुठे मारायची, हे आता धाकटीला कळलं. तो पत्रा वितळवायचा, नदीत फेकायचा, आम्लात बुडवायचा, असं जे जे मनात आलं होतं ते सगळं तिने आठवलं आणि तिला वाटलं, आपले हात तोडून टाकावेत.

पण त्याच भीतीतून आशाही निघाली. पुसलेलं परत काढता येत असेल, तर काढूया की! प्रेसने रोज दाबावं आणि आपण रोज कोरावं. बघू कोण थकतं. तिने ताईला खिडकीशी बसवलं आणि झपाटल्यासारखी कामाला लागली. सुरकुत्या, ओठ, नख, तळहात. जबड्यावरचा डाग तर तिने जीव ओतून काढला.

पत्र्यावर काम करताना आरसा लागतो. पत्र्यावरचं डावं कागदावर उजवं होतं, म्हणून समोरच्या माणसाला आरशात बघून काढायचं, हे तर पहिल्या वर्गातलं पोरही विसरत नाही. धाकटी विसरली. घाईत तिने आरसा लावलाच नाही, ताईकडे थेट बघत राहिली.

संध्याकाळी ताई उजव्या जबड्यावरचा डाग खाजवत होती.

"ताई, तो डाग..."

"तुझी सही आहे ही," ताई म्हणाली. "कागदावर कधी करायला लागलीस देव जाणे, पण पहिली माझ्यावर केलीस."

"या बाजूला नव्हता गं तो."

"याच बाजूला होता की. याच बाजूने आलीस तू." मग ताई हसली. "मीही प्रेसवाली, तूही प्रेसवाली."

थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "मीही प्रेसवाली, तूही प्रेसवाली." त्याच सुरात, तितकंच हसून. जेवताना पुन्हा. धाकटीच्या ध्यानात आलं, की ताई जे जे बोलतेय ते सगळं तिच्या ओळखीचं आहे. तिने कधीतरी ऐकलेलं, मनात जपलेलं. नवीन एक शब्द नाही.

"ताई, दुकानात तो एक जण रोज एकच शर्ट घेऊन यायचा. कोण गं तो? मी कधी विचारलंच नाही."

पूर्वी त्याचा विषय निघाला की ताई खिडकीबाहेर बघून गालात हसायची. आता ती धाकटीकडे बघत राहिली. "कोण?" तिने विचारलं. त्या माणसासाठी धाकटीजवळ रेघच नव्हती. ताईचं असं किती काय तिला कधी ठाऊकच नव्हतं, आणि ते कुठल्या सुईने परत आणायचं? ती तोंडात पदराचा बोळा कोंबावा तशी मूठ कोंबून न्हाणीघरात जाऊन रडली.

५

तांबं काही चिवट नसतं. एकाच जागी पुन्हा पुन्हा कोरलं की धार उभी राहत नाही, नुसता भुगा निघतो. धाकटी सकाळी काढायची, प्रेस दुपारी दाबायचं. वाळवायच्या फळीवर प्रती साचत गेल्या; तिने त्यांच्यावरचे आकडे वाचणं सोडून दिलं. प्रत्येक प्रत आधीच्यापेक्षा फिकी होती. मग एक वेळ अशी आली, की ती कोरायला बसली आणि सुई नुसती घसरत राहिली.

शेजारीण पुन्हा आली, या वेळी कसल्याशा वर्गणीला. स्वयंपाकघरात बसली, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि उठताना म्हणाली, "ताई दिसल्या नाहीत बऱ्याच दिवसांत. गावाला गेल्या का?"

ताई खिडकीशी बसली होती. शेजारणीच्या हाताच्या अंतरावर.

"आहेत की," धाकटी कशीबशी म्हणाली.

शेजारणीने वळून पाहिलं, डोळे बारीक केले आणि दचकली. "अगं बाई! हो की. उजेडात दिसलंच नाही." मग ती फार वेळ थांबली नाही.

बोलणंही तसंच सरत गेलं. चेष्टा गेली, रागावणं गेलं, लोकांची नावं गेली. "प्रेसवाली"सुद्धा गेलं, आणि ज्या वाक्याचा इतका वीट आला होता त्यासाठी धाकटी दिवसभर कान लावून बसली. शेवटी सगळ्यात जाड रेघ उरली. धाकटी खोलीत आली की ताई मान उचलायची आणि विचारायची, "जेवलीस का?"

"जेवले, ताई."

"जेवलीस का?"

आई गेली त्या दिवसापासून ताईने तिला हे रोज विचारलं होतं. धाकटी तिच्या पायाशी बसली आणि हंबरडा फोडून रडली. तिला दुसरं कोणी नव्हतं. कधीच नव्हतं. बाकी सगळी माणसं येऊन गेली, ही एक बाई खिडकीशी बसून राहिली, आणि तिलाही आपण आपल्या हाताने, आपल्या कौतुकापायी, झिजायला लावलं. उद्या किंवा परवा दुपारी ते चाक आणखी एकदा फिरेल, आणि मग खुर्चीत कुणी नसेल.

तिने गॅलरीवाल्याला फोन लावला. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"समजा पत्र्यावर फुली मारलीच नाही, तर?"

"तर आवृत्ती संपलीच नाही म्हणायचं," तो म्हणाला. "कागद येतच राहणार. का हो? मारलीत ना तुम्ही?"

"आणि मारली, तर मग थांबतं?"

"मग काय, ती एक पुराव्याची प्रत, आणि खेळ खलास." त्याचा आवाज जरा उतरला. "मॅडम, तब्येत बरी आहे ना तुमची?"

६

तिने मन घट्ट केलं. जखम भरते. पण माणूसच उरलं नाही तर भरायचं काय? ताईच्या तोंडावर दोन ओरखडे राहतील, कायमचे राहतील, लोक काही का म्हणेनात. पण त्या ओरखड्यांमागे ताई राहील. जेवढी उरली तेवढी.

"ताई, थोडं दुखेल," ती म्हणाली. "दुखलं तर जोरात ओरड. मी इथेच आहे."

"जेवलीस का?"

"येते. मग दोघी जेवू."

ताईला तिने पलंगावर निजवलं. कामाच्या खोलीचं दार उघडंच ठेवलं, ओरडली तर ऐकू यावं म्हणून. सकाळचं स्वच्छ ऊन टेबलावर आलं होतं. तिने पत्रा फडक्यातून काढला आणि उजेडात तिरका धरला. डोळे तेवढे वाचवायचे होते. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची रेघ डोळ्याच्या जरा खालून गेली तर चालेल, पण डोळा नको. म्हणून ती डोळे शोधत होती.

आधी काहीच दिसेना. आरशासारखं लख्ख, गुळगुळीत तांबं, दुसरं काही नाही. मग तिने पत्रा जरा कलता केला आणि चेहरा सापडला. दोन डोळे, नाक, तोंड. पुसट, पण होता. आहे, अजून आहे! तिने डोळ्यांच्या खालून नेम धरला, दात आवळले आणि पहिली रेघ ओढली. तांबं किंचाळलं. पलंगावरून काही आवाज आला नाही. तिने पत्रा पुन्हा तसाच कलता धरला, तो चेहरा पुन्हा नीट समोर आणला, आणि दुसरी ओढली.

चेहरा रडत होता. चित्रातली ताई रडत नव्हती, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा दुसरी रेघ ओढून झाली होती.

सुई टेबलावर तशीच टाकून ती पलंगाकडे धावली. ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. धाकटीने तिला खांद्याला धरून वळवलं, आणि वळवताना डोळे मिटून घेतले. मग उघडले.

ताईच्या तोंडावर ओरखडासुद्धा नव्हता. फिकं, गुळगुळीत, पण होतं. पुसलं गेलं नव्हतं.

"ताई! झालं गं, झालं, बंद झालं," धाकटी म्हणत राहिली, आणि ताईच्या कुशीत डोकं घालून लहान पोरीसारखी हुंदके देत राहिली. आता काही का होईना. ती ताईला भरवणार होती, न्हाऊ घालणार होती, तिला शर्टवाल्याच्या खोट्या गोष्टी रचून सांगणार होती. तिच्या स्वतःच्या कपाळापासून जबड्यापर्यंत, दोन्हीकडून तिरकं, कातडीला काहीतरी चरचरत होतं. रडण्यात तिला ते जाणवलं आणि तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

ताईने तिची हनुवटी धरून तोंड वर केलं. कितीतरी दिवसांनी तिच्या डोळ्यांत नीट ओळख दिसली.

"अगं, हे काय झालंय तोंडाला?" ताई म्हणाली. "थांब. पुसते."

तिने तळहात धाकटीच्या गालावर ठेवला. थंडगार, एकही रेघ नसलेला तळहात. आणि ती पुसायला लागली, मधून कडेला, हलके, गोल गोल. असं पुसणं धाकटीला चांगलं ठाऊक होतं. तिच्याच हातांची सवय होती ती.

कामाच्या खोलीत चाक कण्हलं.

दार तिनेच उघडं ठेवलं होतं. पलंगावरून प्रेस दिसत नव्हतं, चाकाचा एक आरा तेवढा दिसत होता, आणि आऱ्यावर घट्ट आवळलेला एक हात. अंगठ्याचं नख दुभंगलेलं. सगळ्या सुरकुत्या, सगळ्या वळ्या, एकूण एक रेघ शाबूत, आणि प्रत्येक रेघेत काळी शाई.

तिने उठायचा प्रयत्न केला.

"हलू नकोस गं," ताई म्हणाली. "एकच काढायची आहे."